जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि महासाथ

इ. स. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीने जर्जर झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निरनिराळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली, तेच सर्वांत लवकर सुधारले. या फळांतील गुणकारी द्रव्य म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व होय, हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

२०२० साली कोविड-१९ची महासाथ पसरली, तेव्हा भारतासह अनेक देशांत याच जीवनसत्त्वाच्या व जस्ताच्या गोळ्यांना मोठी मागणी आली. भयग्रस्त मनाने असा आधार शोधावा, हे स्वाभाविकच होते. परंतु लिंडचे खलाशी बरे झाले ते शरीरातील उणीव भरून निघाल्यामुळे. ज्याच्या शरीरात अशी उणीवच नाही, त्याला अधिक मात्रेने अधिक संरक्षण मिळते काय?

अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ कोविड रुग्णांवरील चाचणीत या दोन्ही द्रव्यांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहण्यात आल्या. २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लक्षणे ओसरण्याच्या कालावधीत उल्लेखनीय फरक पडला नाही.

समई भरलेली असता आणखी तेल ओतल्याने ज्योत वाढत नाही. तेल मात्र सांडते. जादा ‘क’ जीवनसत्त्व बहुतांशी मूत्रावाटे निघून जाते. जस्ताचा अतिरेक दीर्घकाळ चालू राहिल्यास मात्र शरीरात तांब्याची उणीव उत्पन्न होते. म्हणून उणीव असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावी. एरवी आवळा, पेरू, डाळी व भाज्या यांनी युक्त असा चौरस आहारच पुरेसा होय.