औंध, कुंडल आणि गिथुंगुरी

औंध संस्थानचा जुना नकाशा पुढे ठेवला म्हणजे प्रथम ध्यानात येते ते हे की, हे संस्थान सलग असे कोठेच नव्हते. राजधानी औंध सातारा जिल्ह्याच्या पोटात, आटपाडी माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात, कुंडल कृष्णा-येरळेच्या टापूत, आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडच्या कानडी मुलखात. अशा विखुरलेल्या 72 गावांचा आणि सुमारे पाऊण लाख रयतेचा कारभार चहूबाजूंनी इंग्रजी अंमलाने वेढलेला असताना चालत होता. इतक्या लहान जहागिरीचा आफ्रिका खंडातील शिक्षणाशी व आरोग्याशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. परंतु तसा संबंध होता, तो जिव्हाळ्याचा होता, आणि कुंडल परिसरातील नव्या पिढीला त्याची वार्ताही नसावी, याचा मला मनापासून खेद होतो.

या संबंधाचे सूत्र ज्यांच्या हाती होते ते अप्पासाहेब पंत, म्हणजे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. 1912 साली जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झालेला हा राजपुत्र संस्थानात परतला तो राज्य उपभोगण्यासाठी नव्हे, तर ते रयतेच्या स्वाधीन करण्यासाठी. वडील तर त्यापूर्वीच निराळ्या वाटेने चालत होते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने माजलेला माळ त्यांना देऊन किर्लोस्करवाडी वसवू देणारे ते हेच बाळासाहेब. आणि सूर्यनमस्कारांचा शाळाशाळांतून प्रसार करून त्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारेही तेच. नमस्कारांनी शरीर घडते हे निर्विवाद, तथापि विहिरीचे पाणी दूषित असेल तर नमस्कार घालणाऱ्यालाही पटकी सोडीत नाही. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न अखेर गावाच्या हाती किती सत्ता आणि किती पैसा आहे, येथेच येऊन ठेपतो. औंधच्या पुढील प्रयोगाने हात घातला तो नेमका या ठिकाणी.

मूळचे पोलंडचे आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, आणि प्रत्यक्ष गांधीजींच्या सल्ल्याने, अप्पासाहेबांनी राज्यघटनेचा मसुदा तयार केला, व 1939 च्या जानेवारीत बाळासाहेबांनी आपले अधिकार रयतेला बहाल केले. गावोगाव निवडून आलेल्या पंचायती, त्यांवर तालुका पंचायती, आणि वसुलाचा मोठा हिस्सा गावाच्या शाळेवर, पाण्यावर, रस्त्यांवर गावानेच खर्च करावयाचा, अशी ती योजना होती. गांधीजींनी एक अट मात्र घातली, ती म्हणजे मताचा अधिकार साक्षरास असावा. या अटीविषयी दुमत होऊ शकते. निरक्षर शेतकऱ्याला आपले हित कळत नाही असे मानणे मला स्वतःला मान्य नाही. परंतु अट घातली गेल्यामुळे अक्षरओळख ही पंतोजींच्या शाळेपुरती बाब न राहता राज्याच्या मुळाशी जाऊन बसली, हेही नाकारता येत नाही. पुढे 1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात इंग्रजी सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले, कुंडल हे जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या तुफान सेनेचे ठाणे बनले, गावोगाव न्यायमंडळे, दारूबंदी व ग्रंथालये यांचा जम बसला. ज्या तालुक्यात रयतेला पंचायतीची सवय आधीच लागली होती, त्याच तालुक्यात हे ठाणे पडावे हा केवळ योगायोग असेल, असे मला वाटत नाही.

1948 च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत हिंदुस्थान सरकारचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला धाडले. त्यांच्या पत्नी नलिनीदेवी या स्वतः डॉक्टर होत्या. ज्या मुलखात हे दांपत्य जाऊन पोचले तो हिंदी माणसाच्या घामाने आणि मरणाने आधीच ओळखीचा झालेला होता. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची लोहमार्गाची वाट 1896 ते 1901 या वर्षांत बांधली गेली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून 31,983 करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांपैकी 2,493 तेथेच मरण पावले आणि 6,454 निकामी होऊन परतले. सिंहांनी मजूर खाल्ल्याच्या कथा जगभर गाजल्या, परंतु हिवताप, आमांश आणि पायांची चिघळलेली क्षते यांनी किती माणसे खाल्ली, याची कथा कोणी लिहिली नाही.

लोहमार्गाच्या मागोमाग कारकून, दुकानदार, शिक्षक आणि वैद्य गेले. त्यांत गोव्याचे डॉ. रोझेंदो आयरेस रिबेरो हे नैरोबीतले पहिले खाजगी डॉक्टर. माणसाळविलेल्या झेब्र्यावर बसून ते रोग्यांच्या घरी जात, याचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. पुढे त्यांच्या देणगीतून तेथील गोवेकरांची शाळा उभी राहिली. 1902 साली नैरोबीत ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगाचा, शिरकाव झाला आणि अधिकाऱ्यांनी हिंदी बाजार जाळून टाकविला. आपल्या वाचकाला यात अपरिचित असे काहीच वाटणार नाही. पाचच वर्षांपूर्वी पुण्यात प्लेग निवारणासाठी नेमलेल्या रँडसाहेबाच्या शिपायांनी घरात घुसून जो हाहाकार उडविला, आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी कालवश झाल्या, त्याच रोगाची आणि त्याच राज्यकर्त्यांच्या त्याच मनोवृत्तीची ही समुद्रापलीकडील शाखा होती. रोग निवारण्यापेक्षा रोगी माणूस दृष्टीआड करणे, हे त्या मनोवृत्तीचे सार होय. 1913 साली तेथे आलेल्या सिम्प्सन नामक आरोग्यतज्ज्ञांनी, जे पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते, गोरे, हिंदी आणि आफ्रिकन यांच्या वस्त्या निरनिराळ्या असाव्यात अशी शिफारस केली, आणि आरोग्याच्या नावाखाली वर्णभेदाला शास्त्राचा मुलामा मिळाला. शाळा तीन, इस्पितळे तीन, आणि सरकारी खर्चाचे माप तिघांना तीन प्रकारचे, अशी जी वहिवाट पडली, तिचा सर्वांत जड भार आफ्रिकन रयतेवर पडला. आणि खेदाची गोष्ट ही की, मधल्या पायरीवर बसविलेल्या आपल्या पुष्कळ बांधवांना ती पायरी सोडवेना.

आफ्रिकन माणसाने या स्थितीवर स्वतःचा असा जो उपाय योजिला, त्याकडे आपण बारकाईने पाहिले पाहिजे. 1929 साली केनियातील किकुयू लोकांच्या प्रदेशात मिशनरी मंडळ्यांनी मुलींच्या सुंतेच्या रूढीविरुद्ध शिक्षकांकडून प्रतिज्ञापत्रे मागितली, आणि जे देणार नाहीत त्यांना शाळेची दारे बंद केली. ही रूढी मुलींच्या शरीराला घातक होती यात तिळमात्र शंका नाही. बाळंतपणात तिचे भोग स्त्रियांच्या वाट्यास येतात, आणि स्वतंत्र केनियाने 2011 च्या कायद्याने तिच्यावर पूर्ण बंदी घातली, हे उचितच झाले. परंतु परक्या सत्तेच्या हातून आलेली सुधारणा आणि तिच्याबरोबर आलेला अपमान यांची सांगड पडली म्हणजे लोक अपमानाला नकार देता देता सुधारणेलाही नकार देतात. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहाचे बारा झाले, तेव्हा महाराष्ट्रात हेच घडले. टिळकांचा विरोध आणि आगरकरांचा पुरस्कार, या दोहोंमध्ये सापडलेल्या त्या अल्पवयीन मुलींचे दुःख मात्र कोणाच्याही राजकारणापेक्षा मोठे होते. किकुयू मुलींच्या बाबतीतही मी हेच म्हणेन, आणि म्हणूनच संस्कृतीचा अभिमान हा आरोग्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

तथापि त्या संघर्षातून जे निर्माण झाले ते भव्य होते. मिशनच्या शाळांतून बाहेर पडलेल्या लोकांनी स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या, आणि त्यांना शिक्षक पुरविण्यासाठी 1939 साली, म्हणजे ज्या वर्षी औंधची घटना अमलात आली त्याच वर्षी, गिथुंगुरी येथे अध्यापक महाविद्यालय स्थापन झाले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले पीटर म्बियू कोइनांगे हे त्याचे संस्थापक, आणि पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा त्याचे प्रमुख झाले. किकुयू समाजात एकाच काळी दीक्षित झालेल्या समवयस्कांचे संघ असत. या संघांनी वर्गणी गोळा केली, आणि मुलींच्या वसतिगृहासाठी तर स्त्रियांनी स्वतः पुढाकार घेतला. हे वाचताना साताऱ्याच्या माणसाला रयत शिक्षण संस्थेची आठवण न होणे अशक्य आहे. 1919 साली कराडजवळच्या काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्थेचे रोपटे लावले, मुष्टिफंडाच्या मुठीमुठीच्या धान्यावर वसतिगृहातील पोरे पोसली, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी गळ्यातले मंगळसूत्रही विकले. तेच भाऊराव एके काळी किर्लोस्करांचे नांगर खपवीत गावोगाव हिंडले होते, म्हणजे कुंडलचा माळही त्यांच्या वाटेवरचाच. दोन्ही ठिकाणी गरीब रयतेने सरकारच्या तोंडाकडे न पाहता आपल्या शिक्षणाची तरतूद आपणच केली.

अप्पासाहेब नैरोबीला आले ते अशा वेळी. वकिलातीच्या भोजनाला आफ्रिकन पाहुण्यांना बोलावण्याची चाल त्या शहरात नव्हती. त्यांनी ती पाडली. केन्याटा आणि कोइनांगे यांच्याशी त्यांचे स्नेहसंबंध जुळले. हिंदी व्यापाऱ्यांना ते, नेहरूंच्या धोरणास अनुसरून, एकच गोष्ट परोपरीने सांगत: या भूमीवर पहिला हक्क आफ्रिकन माणसाचा आहे, त्याच्या उत्कर्षात आपला उत्कर्ष पाहा. हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिकन विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत येऊ लागले, त्यांना त्यांनी मनापासून उत्तेजन दिले. गांधीजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमविला. त्यातून जी गांधी स्मारक अकादमी कल्पिली गेली, ती केवळ हिंदी मुलांसाठी न ठेवता सर्व वर्णांच्या तांत्रिक महाविद्यालयात विलीन करण्यात आली. 1956 साली रॉयल टेक्निकल कॉलेजात पहिले विद्यार्थी दाखल झाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तेथे गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

परंतु तोपर्यंत अप्पासाहेब तेथे उरले नव्हते. 20 ऑक्टोबर 1952 रोजी केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना कैद झाली, स्वतंत्र शाळांना सरकारने टाळी ठोकली, आणि गिथुंगुरीच्या महाविद्यालयाचेही दरवाजे बंद झाले. कापेंगुरियाच्या खटल्यात केन्याटांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत दिल्लीहून आलेले दिवाण चमनलाल होते, आणि गोवेकर वंशाचे फिट्झ डिसूझाही होते. धारवाडला शिकलेले दुसरे गोवेकर, पियो गामा पिंटो, यांना आफ्रिकनांच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल 1954 पासून वर्षानुवर्षे स्थानबद्धता भोगावी लागली. स्वातंत्र्य मिळाल्यावर 1965 साली नैरोबीतच त्यांचा गोळी घालून खून झाला. गोऱ्या वसाहतवाल्यांना अप्पासाहेब डोळ्यांत सलत होते; इंग्लंडच्या सरकारने नेहरूंकडे तगादा लाविला, आणि 1954 साली त्यांना तेथून हलविण्यात आले. मानवी व्यवहारात सत्कार्याचा मोबदला पुष्कळदा बदलीच्या हुकुमाने मिळतो, हे खालसा मुलखातल्या मामलेदारापासून आयुक्तापर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

पुढे 1972 च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीन याने आशियाई लोकांना देशाबाहेर हाकलण्याचे फर्मान काढले, तेव्हा अप्पासाहेब लंडनमध्ये आपले उच्चायुक्त होते. अमीनचा तो अन्याय कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. ज्यांची दुकाने, घरे, दवाखाने एका आदेशाने गेले त्यांत गरिबांना फुकट औषध देणारे डॉक्टरही होते. केनियाने मात्र निराळा मार्ग धरला, आणि 2017 साली आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील 44 वी जमात म्हणून मान्यता दिली.

नैरोबीचे ते तांत्रिक महाविद्यालय 1970 साली नैरोबी विद्यापीठ झाले. तेथील वैद्यकीय विद्याशाखा 1967 साली सुरू झाली; तोपर्यंत केनियातील आफ्रिकन मुलाला डॉक्टर व्हावयाचे तर युगांडातील मकेरेरेची किंवा परदेशाची वाट धरावी लागे. याच विद्यापीठातून 1971 साली वांगारी मथाई यांनी डॉक्टरेट मिळविली, पुढे खेड्यांतील स्त्रियांकडून झाडे लावून घेण्याची चळवळ उभारली, आणि 2004 साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. विद्यापीठात महात्मा गांधींच्या नावाचे पदव्युत्तर ग्रंथालय आजही आहे. आमच्या बाजूने या संबंधाची काही नोंद असावयाची तर अप्पासाहेबांचे औंधच्या प्रयोगावरील इंग्रजी पुस्तक कुंडल, आटपाडी आणि औंध येथील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात मराठीत उपलब्ध असले पाहिजे, आणि त्यांच्या नैरोबीतील सहा वर्षांची हकिकत त्याला जोडून छापली पाहिजे. हे काम रयतेच्या पैशाने चालणाऱ्या एखाद्या शिक्षणसंस्थेने अंगावर घेतले तर ते त्या दोन्ही मुलखांच्या परंपरेला साजेसे होईल.