अरबी समुद्राच्या पोटात कोण राहतं?

खोल जाल तसतसे जीव विरळ होतात आणि तळाशी उरतो तो नुसता अंधार, ही समजूत फार जुनी. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ साली तिला शास्त्राची भाषा दिली: साधारण ५५० मीटरखाली जीवसृष्टीच नसावी. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीने हा अंदाज निकालात काढला. माशांबद्दल, शिंपल्यांबद्दल आता कुणी तसं म्हणत नाही. सूक्ष्मजीवांबद्दल मात्र अजून म्हटलं जातं.

त्यात अर्धं सत्य आहे. पृष्ठभागाजवळच्या एक मिलिलिटर पाण्यात पाच ते दहा लाख जिवाणू असतात. तीन-चार किलोमीटर खाली हाच आकडा लाखाच्या आत येतो. पण वरचीच वस्ती खाली विरळ झालेली नसते. खालचे रहिवासी वेगळे, त्यांचं पोट भरण्याचं साधनही वेगळं. हवाई बेटांजवळ १००० मीटरखालच्या सूक्ष्म पेशींपैकी ३९ टक्क्यांपर्यंत पेशी आर्कियांच्या एकाच गटाच्या निघाल्या, असं २००१ साली प्रसिद्ध झालं. आर्किया हा जिवाणूंहून वेगळाच वंश. यातल्या अनेकांचं उन्हावाचून अडत नाही. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ते ऊर्जा मिळवतात आणि तिच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवतात. दाबालाही खोलातले जीव सरावलेले असतात. मारियाना गर्तेतून मिळालेला एक जिवाणू १९८१ साली नोंदवला गेला. पृष्ठभागावरच्या दाबाला तो वाढतच नाही.

खोलीबरोबर ऑक्सिजन सतत घटत जातो, हा दुसरा गैरसमज. तो दूर करायला आपल्या दारातला अरबी समुद्र पुरेसा आहे. इथे साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास संपतो आणि त्याखाली पुन्हा वाढतो. दोन्ही मोसमांत वरच्या थरात सूक्ष्म शैवालं भरभरून वाढतात. त्यांचे अवशेष खाली झिरपतात आणि ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात. उत्तरेकडे आशियाची जमीन आडवी असल्याने या थराला ताजं पाणी सावकाश मिळतं. तळाचं पाणी मात्र दक्षिण महासागराकडून येतं. थंड आणि ऑक्सिजन बाळगून असलेलं.

मला विचाराल तर या समुद्राचं खरं वैभव त्या मधल्या थरात आहे. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, अशा पायऱ्या होतात. याच थराच्या वरच्या कडेला, जिथवर अंधुक उजेड पोचतो, प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणूही दाटीने आढळतो. १९८८ साली जगापुढे आलेल्या या जिवाणूचा आकार एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. उन्हाळलेल्या वरच्या पाण्यात राहणारे त्याचे वंश वेगळे, मंद उजेडातले वेगळे. खालच्यांची हरितद्रव्यं निळा प्रकाश अधिक चांगला टिपतात. नाव एक म्हणून काम एक, असं धरून चालत नाही.

सूक्ष्मजीवांची वस्ती मीटरवर ठरते, हेही खरं नाही. प्रकाश, तापमान, ऑक्सिजन, अन्न यांवर ती ठरते, आणि खोलीबरोबर हे सगळं बदलतं म्हणून खोली महत्त्वाची दिसते. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकाच जागी पाणी तपासत आले आहेत. तिथली खोली जेमतेम पंचवीस-तीस मीटर. नैर्ऋत्य मोसमी काळात कमी ऑक्सिजनचं पाणी खालून वर सरकत किनाऱ्याच्या उथळ पट्टीत शिरतं. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरलेला असल्याने वरचा ऑक्सिजन खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेटही संपतं आणि सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. भर समुद्रात शेकडो मीटरवर चालणारं नायट्रेटचं श्वसन इथे किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पाण्यात घडतं.

याच संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की या उथळ पट्टीत नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात साठतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता अडवतो. शेतातल्या खतांमधून वाहून येणारा नायट्रोजन त्याला हातभार लावत असावा, असा त्यांचा कयास होता.