विमानाचा आवाज, भोवऱ्यांचं गणित

छताचा पंखा एकवर असताना जाणवत नाही. पाचवर नेला की घोंगावू लागतो. त्यातला बराच आवाज मोटरचा नसून पात्यांनी ढवळलेल्या हवेचा असतो. विमानाचा आणि पवनचक्कीचा आवाजही बऱ्याच अंशी असाच, हवेतून जन्मतो.

वेगानं वाहणारी हवा सरळ थरांत वाहत नाही. तिचे लहानमोठे भोवरे होतात, ते ताणले जातात, फुटतात. यालाच प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. भोवऱ्यांमुळे हवेचा दाब सतत कमीजास्त होतो आणि त्यातला अगदी थोडा अंश ध्वनी बनून दूर जातो.

जेट प्रवासी विमानांचं युग सुरू होत असताना, १९५२ मध्ये, ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी या आवाजाचं गणित मांडलं. इंजिनातून सुटणाऱ्या झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असं त्यातून दिसलं. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर शक्ती २५६ पट. वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे २४ डेसिबल कमी. आजच्या इंजिनांच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. तो जास्त हवा कमी वेगानं मागे फेकतो. त्यामुळे इंधन वाचतं आणि आवाजही घटतो.

मात्र नव्या विमानाचा आवाज आधीच सांगणं कठीण असतं. वातावरणाचा दाब सुमारे १ लाख पास्कल, तर नेहमीच्या बोलण्यानं त्यात होणारा बदल जेमतेम ०.०२ पास्कल, म्हणजे ५० लाखांतला एक भाग. गणितात किंचित चूक झाली, तरी आवाज त्यात हरवतो. प्रवाहाची नुसती सरासरी काढली, तर चढउतारच पुसले जातात. आणि आवाज म्हणजे तर चढउतारच! म्हणून महासंगणकावर मोठे भोवरे क्षणाक्षणाला मोजतात, बारीक भोवऱ्यांचा परिणाम अंदाजानं धरतात. मग लाइटहिल यांच्या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या सूत्रांनी तो आवाज जमिनीवर किती पोहोचेल, हे काढतात.

हा खटाटोप झोपेसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींनुसार विमानांचा रात्रीचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या आत असावा. त्यापलीकडे झोपेवर वाईट परिणाम होतो. मुंबईसारख्या शहरात विमानतळाला खेटून दाट वस्ती आहे, तिथे प्रत्येक डेसिबल मोलाचा ठरतो.

विमान बांधून झाल्यावर आकार बदलणं महागात पडतं, म्हणून उपाय आधीच तपासावे लागतात. घुबडाच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या असल्यानं ते जवळजवळ निःशब्द उडतं. पवनचक्कीच्या पात्यांना बसवलेल्या दातेरी पट्ट्यांमागे हीच कल्पना आहे. बोइंग ७८७ च्या इंजिनाच्या आवरणाची मागची कडही दातेरी असते. तिथे दात्यांमुळे झोत बाहेरच्या हवेत लवकर मिसळतो.

आता संशोधकांचं लक्ष उतरत्या विमानाकडे आहे. तेव्हा इंजिन मंदावलेलं असतं, पण बाहेर आलेली चाकं आणि पंखांच्या उघडलेल्या झडपा हवा ढवळत राहतात. त्यांचा गुंतागुंतीचा आकार संगणकाची खरी कसोटी पाहतो.