धाप लागते का?

घाटकोपर-मुलुंडच्या निवृत्त कामगारांकडे गेले की मी आधी हेच विचारते. घाटकोपरच्या हिंदुस्तान फेरोडोत अ‍ॅस्बेस्टॉसची ब्रेक लायनिंग बनत, मुलुंडला सिमेंटचे पत्रे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे जाऊन फुफ्फुसात रुततात. त्यामुळे होणारा आजार २०-३० वर्षांनी, बहुधा नोकरी सुटल्यावर दिसतो. टीबी समजून औषधं चालू राहिली की भरपाई बुडते, याचा मला संताप येतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आजाराचं निदान झालेल्या कामगारांना १ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निवृत्तीनंतर किमान १५ वर्षं जपायलाही सांगितलं. म्हणून काकू, काकांचं ईएसआय कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. डॉक्टरांना त्यांचं कारखान्यातलं खातं, तिथली धूळ, सगळं सांगा.