गाडी झटके खाते? आधी तपास, मग पार्ट

छोट्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याच्या दुकानाचाच एक भाग. पहाटे मार्केटमधून माल आणायचा, दुपारी गिऱ्हाइकाच्या घरी फर्निचर पोहोचवायचे, संध्याकाळी लग्नाच्या ऑर्डरची भांडी न्यायची, हे सारे तिच्यावर चालते. तीच गाडी चढणीवर झटके खाऊ लागली की त्या दिवसाची रोजी अडते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले; तरी आपल्यापैकी अनेकांचा धंदा आजही जुन्या ओम्नीवर उभा आहे. म्हणून याच गाडीचे उदाहरण आम्ही येथे घेत आहोत. जुन्या कार्ब्युरेटरच्या इतर पेट्रोल गाड्यांनाही यातील बरेचसे लागू पडते.

नेहमी घडते ते असे. मालक सांगतो, "पिकअप नाही, गाडी मिसिंग मारते." लगेच निदान होते, "कार्ब्युरेटर गेला." कार्ब्युरेटर साफ होतो, मग बदलतो. नंतर प्लग, नंतर कॉइल. तिसरे बिल झाल्यावर कळते की दोष एका फाटलेल्या प्लग वायरचा होता. यात मालकाचा पैसा जातो आणि कारागिराचे नाव जाते. आमचे सांगणे एवढेच आहे की अंदाजाने पार्ट बदलू नका. तपासाला क्रम असतो, आणि त्यातील बहुतेक तपासण्यांना पैसाही लागत नाही.

दोष इंजिनाचा की क्लचचा?

गिअरच्या गाडीत पहिला प्रश्न हाच विचारावा. चढणीवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी चढत नाही, असे असेल तर तो मिसिंगचा दोष नाही. क्लच प्लेट घसरत आहे. खात्री करायची असेल तर मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये घाला आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे.

गाडी उचलताना संपूर्ण बॉडी थरथरते आणि वेग घेतल्यावर सुरळीत चालते, हेही बहुधा क्लचचे किंवा इंजिन माउंटिंगचे लक्षण असते. ओम्नीची ताकद मागच्या चाकांना प्रोपेलर शाफ्टने जाते. क्लच सोडताच खाली "खट्" असा आवाज येत असेल तर शाफ्टचे क्रॉस तपासावेत. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये अगदी सावकाश रेटली तर चांगले इंजिनही झटके देते. तेथे दोष चालकाच्या सवयीचा असतो.

कोणता सिलिंडर मेला आहे?

ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे. त्यातला एक बंद पडला की तिसरा हिस्सा ताकद गेली. म्हणून या गाडीत मिसिंग फार जाणवते, आणि म्हणूनच दोषी सिलिंडर शोधणे सोपेही जाते.

इंजिन बंद करा. एका सिलिंडरची प्लग वायर काढून तिला एक जादा प्लग लावा आणि तो प्लग इंजिनाच्या धातूला पक्का टेकवून ठेवा. वायर हवेत मोकळी सोडू नये. कॉइल किंवा इग्नायटर खराब होण्याची भीती असते. आता इंजिन चालू करून ऐका. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. तिन्ही सिलिंडर असेच पाहावेत. ओम्नीचे इंजिन सीटखाली असते, त्यामुळे हे काम उघड्या हवेतच करावे. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर आधी गळती बंद करावी, मगच करंट पाहावा.

दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर लांबी पुरत असेल तेथे वायरींची अशीच अदलाबदल करा. या एका युक्तीने नवा पार्ट न आणता निम्मे निदान होते. रात्री अंधारात चालू इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारून पाहा. वायर फुटलेली असेल तर ठिणग्या उडताना दिसतात. पावसाळ्यातच मिसिंग मारणाऱ्या गाडीला ही तपासणी हमखास करावी. डिस्ट्रिब्युटरचे झाकण आतून पाहावे. बारीक काळी रेघ दिसली तर तेथून करंट गळतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच दोष सुरू झाला असेल तर वायरी १-३-२ या क्रमाने बसल्या आहेत का, हे आधी पाहावे.

प्लग काय सांगतो?

काढलेला प्लग फेकू नका, आधी वाचा. फिकट तपकिरी रंग असेल तर सिलिंडर ठीक आहे. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जाते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. तेलकट काळा प्लग म्हणजे ऑइल वर येते आहे. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोहोचते पण जळत नाही.

पेट्रोल आणि हवा

करंट ठीक निघाला तरच कार्ब्युरेटरकडे वळावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते आणि मग पळते, असे असेल तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा आणि हाताने थ्रॉटल उघडा. कार्ब्युरेटरच्या आत पेट्रोलची स्पष्ट धार दिसली पाहिजे. धार नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम फाटला आहे किंवा त्याचे भोक तुंबले आहे. त्यासाठी पूर्ण कार्ब्युरेटर बदलायची गरज नाही.

गाडी चालताना चोक थोडा ओढल्यावर सुधारत असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी फुकट हवा आत शिरते आहे. मॅनिफोल्डचे गॅसकेट आणि हवेच्या नळ्या तपासाव्यात. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीतून हवा ओढून पाहावी. सहज ओढली जात असेल तर डायफ्रॅम फाटला आहे, आणि पिकअप तेथेच जात आहे.

सुरुवातीला बरी चालून वेगात किंवा लांब चढणीवर दम तोडणाऱ्या गाडीचा पेट्रोल फिल्टर आणि पंप पाहावा. टाकीचे झाकण उघडताच हवा जोरात आत ओढली जात असेल तर झाकणाचे भोक बंद आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाची सरासरीही तेथवर पोहोचली. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप व डायफ्रॅम वेळोवेळी पाहावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

गाडी पेट्रोलवर ठीक व गॅसवर मिसिंग मारत असेल तरी गॅस किटला लगेच दोष देऊ नका. गॅस पेटवायला करंट अधिक जोरदार लागतो, म्हणून कमजोर प्लग व वायर आधी गॅसवर उघडे पडतात. घरगुती सिलिंडर गाडीत वापरणे मात्र जिवावरचा खेळ आहे आणि गुन्हाही.

शेवटी कॉम्प्रेशन

एवढे करूनही एक सिलिंडर मेलेलाच राहिला तर आधी टॅपेट पाहावेत आणि कॉम्प्रेशन मोजावे. कमी आले तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग झिजल्या. न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर गॅसकेटचा संशय धरावा. इंजिन खोलण्याचा निर्णय या मोजमापानंतरच घ्यावा.

मालक आणि उस्ताद, दोघांसाठी

मालकाने गॅरेजमध्ये "पिकअप नाही" एवढेच सांगू नये. गाडी थंड असताना दोष येतो की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरमध्ये, माल भरलेला असताना की रिकामी, पेट्रोलवर की गॅसवर, आणि शेवटचे काम काय झाले, हे सांगावे. इतक्यानेच कारागिराचा तासभर वाचतो.

कारागीर बांधवांनी काय तपासले ते बिलावर लिहावे आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. पण येथे मालकांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपण पार्टचे पैसे मुकाट्याने देतो आणि तपासणीची मजुरी मागितली की तोंड वाकडे करतो. ज्याला शोधण्याचे काहीच मिळत नाही, तो पार्ट विकूनच पोट भरणार. उस्तादाच्या कानाला आणि हाताला योग्य दाम द्या. न लागणारे तीन पार्ट घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.