साल टाकू नका, सॉस करा!

मेन्यू कार्डवर ‘ऑरेंज चिकन’ किंवा ‘टोफू इन ऑरेंज सॉस’ दिसलं की आपल्यापैकी निम्मे लोक डोळे झाकून ऑर्डर देतात. आणि येतं काय? चकचकीत नारिंगी, जाम गोड आणि चौथ्या घासाला कंटाळा आणणारं काहीतरी. त्यात संत्र्याचा रंग असतो, नाव असतं, बिलात किंमतही असते. फक्त संत्रं नसतं! सुपरमार्केटमधल्या बाटल्यांची गत बऱ्याचदा अशीच. पुढच्या वेळी बाटली उलटी करून लेबल वाचा. जो घटक जास्त, तो आधी लिहायचा असा नियम आहे. साखर आणि पाणी पहिल्या ओळीत आणि संत्रं लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखं कोपऱ्यात दिसलं, तर बाटली मुकाट्याने रॅकवर ठेवून द्या.

कारण हा सॉस घरी वीस मिनिटांत होतो. आणि त्याचा सगळा फंडा ज्या गोष्टीत आहे, ती आपण रोज डस्टबिनमध्ये टाकतो. साल!

पटत नाही? लहानपणी भावाच्या डोळ्यांत संत्र्याची साल पिळून धपाटा खाल्ला असेल, तर आठवा. साल दुमडली की बारीक पिचकारी उडते आणि सगळ्या खोलीत घमघमाट सुटतो. ते सालीतलं तेल. नारिंगी भागावर जे बारीक ठिपके दिसतात ना, त्या या तेलाच्या पिशव्या. त्यात मुख्यत्वे लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. रसात असते ती गोडी आणि आंबटपणा. ज्याला आपण ‘संत्र्याचा वास’ म्हणतो, तो मात्र बराचसा सालीत. त्यामुळे नुसता रस आटवून केलेला सॉस गोड-आंबट होतो, पण संत्र्याचा लागत नाही.

चिनी लोकांना हे केव्हाच ठाऊक होतं. त्यांच्याकडे ‘चेनपी’ नावाचा प्रकार आहे. चेनपी म्हणजे शब्दशः जुनी साल. संत्र्याच्या जातकुळीतल्या फळांच्या साली वाळवून, मुरवून ठेवायच्या आणि मटणात, चिकनमध्ये, अगदी औषधातसुद्धा वापरायच्या. ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुईची चेनपी तर आपल्या देवगड हापूससारखी गावाच्या नावाने विकली जाते. हुनान आणि सिचुआनकडे ही साल सुक्या मिरचीबरोबर पडते, म्हणजे तिथला पदार्थ तिखट, किंचित कडवट. गोडमिट्ट ‘ऑरेंज चिकन’ हे अमेरिकेतलं बाळ. पांडा एक्स्प्रेस या साखळीचे शेफ अँडी काओ यांनी 1987 मध्ये ते तिथल्या लोकांच्या जिभेप्रमाणे बसवलं आणि ते सॉल्लिड चाललं. आपण नाक मुरडायचं कारण नाही. चिकन मंच्युरियन तरी कुठे चीनमधून आलंय? त्याचं श्रेय नेल्सन वांग यांना देतात, आणि ठिकाण 1975 सालचं मुंबईतलं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया!

माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हा सॉस आला तो मात्र नाइलाजाने. काटोलजवळ काकांची संत्र्याची बाग आहे. व्यापारी येतो तो मोठा, देखणा माल बघतो. बारीक फळाला भाव पडतो आणि कधी कधी तर तोडणीची मजुरीही निघत नाही, असं काका सांगतात. फळ चवीला तेच, पण बारीक म्हणून मागे. मग त्यातली एक पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने माझ्याकडे. फ्लॅटमध्ये आम्ही तिघी, आणि पेटी आम्ही संपवायची वाट न बघता मऊ पडायला लागते. काकांचं वर्षभराचं पाणी, खत, फवारणी असं डोळ्यांदेखत बुरशी धरताना बघवत नाही हो. रस पिऊन पिऊन किती पिणार? सॉससाठी मात्र हे बारीक फळ बेस्ट. रसाच्या मानाने साल जास्त मिळते.

तर आता कामाला लागू. दोघा-तिघांना पुरेल इतक्या सॉससाठी चार बारीक संत्री घ्या. आधी कोमट पाण्यात नीट चोळून धुवा, कारण आपण साल खाणार आहोत. परदेशी शेफ अख्खं फळ किसणीवर घासताना दिसतात. नागपुरी संत्र्याला ते जमत नाही. साल सुटी आणि पोकळ, किसायला गेलं की आत दबते. त्यापेक्षा साल मोठ्या तुकड्यांत सोला, पाटावर उलटी पसरा आणि आतला पांढरा भाग चमच्याच्या कडेने किंवा सुरीने खरवडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे आळस नको. कडूपणा त्या पांढऱ्यातच बसलेला असतो. उरलेल्या पातळ नारिंगी सालीचे काडीसारखे बारीक तुकडे करा. सॉसला एका फळाची साल पुरते, म्हणजे साधारण एक मोठा चमचा. या काड्या उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून निथळा.

रस हाताने पिळा. संत्री मिक्सरमध्ये फिरवायची नाहीत. बिया चिरडल्या की रस कडवट झालाच. पाऊण कप गाळलेला रस हवा. टेट्रापॅकचा चालेल का, हा प्रश्न मला हमखास येतो. साखर न घातलेला असेल तर अडीअडचणीला चालेल, पण मग साल कुठून आणणार?

कढईत चमचाभर तेल, त्यात दोन सुक्या लाल मिरच्या, दोन छोटे चमचे बारीक चिरलेला लसूण आणि एक चमचा आलं. लसूण लाल होऊ न देता अर्धा रस घाला आणि दोन मोठे चमचे साखर. तीन-चार मिनिटं उकळून जरा आटवा. मग दीड मोठा चमचा लाइट सोया सॉस. डार्क घातला तर सॉस तपकिरी होतो आणि संत्र्याची सगळी शान जाते. एक मोठा चमचा व्हिनेगर, पण ते जरा हात राखून. चीनमधलं तांदळाचं व्हिनेगर सौम्य असतं, आपल्या वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर नाकात जातं. अर्ध्या चमच्याने सुरुवात करा. मीठ आत्ता नको, सोया सॉसमध्ये भरपूर असतं.

आता राहिलेला अर्धा रस घाला. हा रस आटवायचा नाही, त्याने ताजेपणा टिकतो. चाखून बघा. नोव्हेंबर-डिसेंबरचं आंबिया बहराचं संत्रं जरा आंबट, फेब्रुवारीनंतरचं मृगाचं गोड. त्यामुळे दोन चमचे साखर हा काही कायदा नाही. मोसंबी वापरत असाल तर साखर एक चमचा कमी करा आणि वर लिंबू पिळा, नाहीतर सॉस अगदीच मिळमिळीत होतो. किनूही छान, त्याची साल घट्ट असते, किसणीवर मस्त चालते.

शेवटी दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून, ढवळत ढवळत ओता. मिनिटाभरात सॉसला तकाकी येते आणि तो चमच्याच्या पाठीला चिकटतो. तिथेच गॅस बंद! आंबट पदार्थात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळलं की त्याचा दाटपणा मोडतो आणि सॉस पुन्हा पातळ होतो. सालीच्या काड्या गॅस बंद केल्यावरच घालायच्या. ते तेल उडून जाणारं आहे. आधी घातलंत तर वास जाईल शेजारच्या फ्लॅटमध्ये, आणि तुमच्या ताटात उरेल फक्त साल.

सोबत काय? पनीर, टोफू, बोनलेस चिकन, बेबी कॉर्न, सिमला मिरची, फरसबी, जे फ्रीजमध्ये असेल ते. आपल्या घरच्या गॅसला रेस्टॉरंटच्या भट्टीची आच नसते, म्हणून भाज्या थोड्या थोड्या परता. सगळ्या एकदम टाकल्या की त्या परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात. सॉस अगदी शेवटी, तीस सेकंदांपुरता.

आठवडाभर ऑफिस असणाऱ्यांसाठी एक सोय. कॉर्नफ्लोअर आणि साल न घालता सॉस जास्त करा, गार करा, काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. चार दिवस आरामात राहतो. आइस ट्रेमध्ये गोठवलात तर महिनाभर. कॉर्नफ्लोअर घालून गोठवलेला सॉस नंतर पाणी सोडतो, म्हणून ते आयत्या वेळी. सालीच्या काड्या वेगळ्या डबीत फ्रीझरला.

उरलेल्या साली मी वर्तमानपत्रावर वाळत घालते. परवा आईचा नागपूरहून फोन आला तेव्हा सालीच खरवडत होते.

“काय करून राहिली गं?”

“सॉस.”

“संत्र्याचा? अन् साल काहून शिजवून राहिली तू? दिवाळीच्या उटण्याला ठेव ना वाळवून!”

दोन दिवसांनी पुन्हा फोन. तिने स्वतःच पनीर आणलं होतं, साल खरवडून झाली होती, रस पिळून तयार होता. फक्त घरात सोया सॉस नव्हता. त्याऐवजी थोडा गोडा मसाला घातला तर चालेल का, असं विचारत होती.

नाही चालत गं, आई.