वक्रग्रीवा, जन्मजात

जन्मतः किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बालकाचे डोके एका बाजूस कलते आणि हनुवटी विरुद्ध बाजूस वळलेली राहते, या विकारास जन्मजात वक्रग्रीवा असे म्हणतात. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये वर्णिलेला मन्यास्तंभ याहून निराळा समजावा. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, सतत वर पाहणे अशी त्याची कारणे तेथे दिली असल्याने तो प्रौढांची मान आखडण्याशी अधिक जुळतो. अलेक्झांडरची मान डावीकडे किंचित झुकलेली असे, असे प्लूटार्कने लिहिले आहे. त्यावरून त्यास हा विकार असावा असा तर्क काहींनी केला आहे. परंतु पुतळे व आख्यायिका यांवरून केलेल्या निदानास फारसे महत्त्व देता येत नाही. प्रस्तुत नोंदीत विकाराचे स्वरूप व त्यावरील उपाय यांचे, विशेषतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील परिस्थितीच्या संदर्भात, विवेचन केले आहे.

कानामागील अस्थीपासून निघून छातीच्या मधल्या हाडास व गळपट्टीच्या हाडास जोडलेला एक लांबट स्नायू मानेच्या प्रत्येक बाजूस असतो. यांपैकी एक स्नायू आखूड व ताठर झाला म्हणजे डोके त्याच बाजूस ओढले जाते व चेहरा दुसरीकडे वळतो. स्नायूत तंतुमय ऊतक (पेशीसमूह) का वाढते, याविषयी एकमत नाही. गर्भाशयातील अडचणीची स्थिती आणि त्यामुळे स्नायूच्या रक्तपुरवठ्यात येणारा अडथळा, हे कारण आज अधिक ग्राह्य मानतात. पहिलटकरणीची मुले, पायाळू जन्मलेली मुले व चिमटा लावून झालेली प्रसूती यांत हा विकार अधिक आढळतो. तथापि प्रसूतीच्या वेळी कोणी मान ‘ओढली’ म्हणूनच तो होतो, हा समज बरोबर नाही. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बालकांतही तो दिसतो. दर हजार बालकांत साधारणपणे ३ ते २० असे त्याचे प्रमाण सांगितले जाते.

काही बालकांत दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास मानेच्या एका बाजूस सुपारीएवढी टणक गाठ हातास लागते. ती कर्करोगाची नसते व काही महिन्यांत आपोआप विरते. ती विरली म्हणजे विकार गेला असे समजून घरची माणसे निर्धास्त होतात, परंतु स्नायूचा आखूडपणा मागे राहू शकतो. इतर बालकांत गाठ मुळीच नसते. मूल एकाच बाजूस पाहते, एकाच स्तनावर नीट पिते, डोक्याची एक बाजू मागून चपटी होते, एवढ्याच खुणा दिसतात. निरोगी बालकाची हनुवटी दोन्ही खांद्यांपर्यंत सारखीच वळते. येथे ती एका बाजूस अडते.

उपचारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. पहिल्या महिन्याच्या आत ताण देण्याचे व्यायाम सुरू केल्यास बहुतेक बालकांची मान सुमारे दीड महिन्यात मोकळी होते. सहा महिन्यांनंतर सुरू केल्यास त्यास नऊ-दहा महिने लागू शकतात आणि यशही कमी मिळते. हाँगकाँग येथील ८२१ बालकांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लवकर सुरू केलेल्या व्यायामाने बहुसंख्य बालकांची शस्त्रक्रिया टळल्याचे दिसून आले.

व्यायाम भौतिकोपचारतज्ञाकडून शिकून घ्यावा लागतो. उजवा स्नायू आखूड असेल तर बालकास उताणे निजवून, खांदा हाताने स्थिर ठेवून, डोके सावकाश डाव्या खांद्याकडे झुकवितात व नंतर हनुवटी उजवीकडे वळवितात. प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबतात आणि हे दिवसातून अनेकदा, अंगावर पाजण्यापूर्वी करतात. बालक जोर करून प्रतिकार करू लागल्यास तेवढ्यापुरते थांबावे. याहून सोपी, पण तितकीच उपयुक्त गोष्ट म्हणजे बालकाने अडलेल्या बाजूकडे स्वतः वळावे अशी योजना करणे : दार, दिवा, आईचा आवाज व खुळखुळा त्या बाजूस ठेवावा आणि जागेपणी, कोणी समोर असताना, त्यास पालथे घालावे. झोपताना मात्र ते उताणेच असावे. झोळीत कापड दोन्ही बाजूंनी वर येते व डोके लाडक्या बाजूसच पडून राहते. दिवसा गोधडीवर मोकळे ठेवणे बरे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेल्या मोहरीच्या उशीने स्नायू लांब होत नाही.

सातारा-सांगलीकडे बाळंतीण बहुधा माहेरी असते व बालकास रोज तेल लावून न्हाऊ घालतात. मानेतील फरक प्रथम लक्षात येण्याची ही उत्तम संधी होय. न्हाऊ घालणारी बाई ‘एकीकडे वळत नाही’ म्हणाली, तर ते दुर्लक्षू नये. तेलाच्या हाताने हलके चोळण्यास हरकत नाही; मान झटक्याने वळविणे किंवा मुलास पायांना धरून उलटे करणे मात्र धोक्याचे आहे. आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देते, तसेच ६, १० व १४ आठवड्यांस लसीकरण असते. गाठ दिसण्याचा काळ नेमका यांत येतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत वाकडे पाऊल व खुब्याचा सांधा निखळणे यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, वक्रग्रीवेचा नाही. त्यामुळे पुष्कळसे घरच्यांच्या नजरेवर अवलंबून राहते. मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६२) व कराड येथील कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय (१९८४) यांच्या रुग्णालयांत अस्थिरोग व भौतिकोपचार हे दोन्ही विभाग आहेत. तथापि जत, आटपाडी, माण किंवा पाटण तालुक्यांतील खेड्यातून रोज तेथे येणे शक्य नसते. एक-दोन भेटींत आईला व्यायाम शिकवून पुढे ठराविक अंतराने तपासणे, हीच पद्धत व्यवहार्य ठरते. आई सासरी परतते तेव्हा व्यायामात खंड पडण्याचा संभव असल्याने सासरच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईसही तो दाखवून ठेवावा.

प्रत्येक वाकडी मान स्नायूमुळेच असते असे नाही. मानेच्या मणक्यांतील जन्मजात दोष, डोळ्याच्या स्नायूचा पक्षाघात, अन्न उलटून घशाशी येणे, क्वचित मेंदूच्या मागील भागातील गाठ ही इतर कारणे होत. मान अचानक वाकडी झाली, ताप किंवा उलट्या असतील, बाळ मलूल वाटत असेल अथवा मान वळविताना कळवळत असेल, तर व्यायाम न करता त्वरित वैद्यास दाखवावे. स्नायूची परीक्षा सोनोग्राफीने, तर मणक्यांची गरजेनुसार क्ष-किरणांनी करतात. या बालकांपैकी काहींत खुब्याचा सांधाही सैल असतो, म्हणून तो अवश्य तपासावा.

सुमारे वर्षभर नीट व्यायाम करूनही मान अडत असेल व स्नायूची दोरी ताठ राहिली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. स्नायूचे खालचे टोक, कधी दोन्ही टोके, कापून तो मोकळा करतात. त्यानंतरही काही महिने व्यायाम लागतो. न केल्यास व्रणामुळे मान पुन्हा आखडते. शाळेत जाण्यापूर्वीचे वय यासाठी उत्तम मानतात. वाढत्या वयाबरोबर आखूड बाजूचा गाल लहान राहतो, डोळे व तोंड एका रेषेत राहत नाहीत. लग्नाच्या वयात प्रथमच उपचारासाठी आलेल्या मुलामुलींत शस्त्रक्रियेने मानेची हालचाल पुष्कळ सुधारते. चेहऱ्यातील फरक मात्र थोडाफार राहूनच जातो.